सही आधी, फोटो नंतर

हैदराबाद,
९ नोव्हेंबर २०२५

चि. संघपाल यास,
सप्रेम जयभीम आणि पाठीत एक धपाटा.

पत्र बघून दचकू नकोस. कोणी गेलं नाही, कोणाचं लग्नही ठरलं नाही. विमान चालवणारी बाई टपालपेटी शोधत फिरते हे ऐकून माझ्या बॅचचा कुंदन पोट धरून हसला, पण इलाज नाही. आमच्या वैमानिक संघटनेचा फोनवर ग्रुप आहे. त्यात मी दुपारी एकच वाक्य टाकलं, की करारावर सही करण्याआधी आम्हाला का विचारलं नाही. संध्याकाळी कंपनीच्या साहेबांनी मला बोलावून तेच वाक्य वाचून दाखवलं. त्या ग्रुपमध्ये कंपनीचं एकही माणूस नाही. म्हणजे आमच्याच पुढाऱ्यांनी ते नेऊन दिलं. तेव्हापासून मला फोनची किळस आली आहे. पोस्टमन निदान स्क्रीनशॉट काढत नाही.

आता नीट वाच, मध्येच चहाला उठू नकोस. कॉकपिटमध्ये आम्ही दोघं असतो. डाव्या खुर्चीत कॅप्टन, उजव्या खुर्चीत माझ्यासारखा सहवैमानिक. आबांच्या एसटीतल्या ड्युटीला जसे तास होते तसे आम्हालाही आहेत. उशीर झाला, तास संपत आले, तर आणखी एक फेरी मारायची का हे आजवर दोघांनी मिळून ठरवायचं. एक जरी नाही म्हणाला तरी विमान उभं. आमचे अध्यक्ष कॅप्टन दिवेकर यांनी कंपनीशी नवा करार केला, की आता एकट्या कॅप्टनने ठरवायचं. उजव्या खुर्चीने डोळे ताणून बसायचं. बदल्यात कॅप्टन लोकांचा भत्ता वाढला. संघटनेत आम्ही उजवीकडचे जास्त, पण कार्यकारिणीत झाडून सगळे कॅप्टन. मी शाळेत होते तेव्हापासून दिवेकरच अध्यक्ष आहेत.

करारानंतरच्याच आठवड्यात एका वाढीव फेरीला, खाली उतरता उतरता, शेजारच्या कॅप्टनसाहेबांनी मला विचारलं की आपण आत्ता इंदूरला उतरतोय का नागपूरला. ते थट्टा करत नव्हते. मागच्या लोकांना काही कळलं नाही. मला कळलं.

हा करार मोडायचा तर विशेष सभा बोलवावी लागते, आणि त्यासाठी एक तृतीयांश सभासदांच्या सह्या, कागदावर, शाईने. विमानतळावर मी कागद घेऊन फिरले तर दहा डोळे बघतात. माझी कॅप्टनची परीक्षा डिसेंबरात आहे, ती अडकवायला त्यांना वेळ लागणार नाही. कुंदन सध्या धुळ्याला घरी आहे, चारुलता जळगावला. दोघं माझ्याबरोबर धुळ्यातच विमान शिकलेले. त्यांच्या सह्या घे, ते आणखी नावं सांगतील, तिथे जा. तू तसाही फिरतच असतोस, एकदा कामाचं फीर. सोबत कोरे कागद आहेत.

आणि गाजावाजा नको. आबांनाही अर्धंच सांग.

लोभ आहे. तो टिकावा म्हणून तोंड बंद ठेव.
तुझी ताई,
प्राची


साक्री,
१९ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
संघपालचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र घरी आलं तेव्हा मी दिल्लीत होतो. केळीच्या गाडीवर. क्लीनर आजारी पडला, ड्रायव्हर म्हणे चल, मी म्हटलं चला. आझादपूरच्या मंडीत सावद्याची केळी बघून लोक जे काही करतात ना, ते तुला एकदा सांगायचंय, पण ते नंतर. आल्याबरोबर आईने पत्र दिलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. ताई, हे म्हणजे काय काम दिलंस! मी तेव्हाच पिशवी उचलली. आई म्हणे अरे निदान अंघोळ. म्हटलं टाइम नाही.

धुळ्याला कुंदनभाऊकडे गेलो. देवपुरात त्यांचं घर, तिसऱ्या मजल्यावर. मी कागद काढला तर त्यांनी आधी खिडक्या लावल्या, मग पडदा ओढला, मग टीव्हीचा आवाज वाढवला. इतका तयार गडी, हजारो फुटांवर वादळातून विमान काढतो, आणि पेन धरण्याआधी दाराची कडी दोनदा तपासली. म्हणाले, संघपाल, आभाळात भीती नाही रे, भीती खाली आहे. सही केली मात्र झोकात. त्यांच्या आईने मला वाटीभर शेव दिली आणि दोनदा विचारलं की मी पण पायलट आहे का. मी नाही म्हटलं, पण जरा उशिराच म्हटलं.

चारुलताताईंचं उलट. जळगावला त्यांनी रस्त्यातच, स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून सही ठोकली आणि मलाच झापलं की इतके दिवस कुठे होतात. त्यांनी नागपूरचे तिघं सांगितले, त्यातल्या एकाने भोपाळचा सांगितला. सगळीकडे जाऊन आलो. बोदवडला पॅसेंजर चुकली तर स्टेशनवर एका बाबाने हरभऱ्याची भाजी-भाकरी खाऊ घातली, त्याचा मुलगा कुवेतला क्रेन चालवतो. म्हणजे तोही वर बसूनच. असो. प्रत्येक पायलटसोबत मी फोटो काढला. रोज रोज कुठे भेटतात पायलट.

आता तू विचारशील साक्री कुठून आली. शेवटी कुंदनभाऊंना सांगायला पुन्हा धुळ्याला गेलो, तिथून निघालो तर कांद्याचा टेम्पो साक्रीकडे निघालेला, म्हटलं आत्याला भेटून येऊ. बाजाराचा दिवस होता. द्रौपदाआत्या बाजरी विकून ओट्यावर बसलेली. तिला मी थोडंसंच सांगितलं. अर्ध्याच्या थोडं वर. ती म्हणे, इमानमा दोन डायवर कसाले? मी म्हटलं एक थकला तर दुसरा. तर म्हणे, आणि दोन्ही थकनात तं? मग तिनेच निकाल दिला, मंग खाले उतारी दे ना, घाई कसानी शे. तुमच्या अध्यक्षाला हिच्यापुढे बसवलं पाहिजे. तिला एकदा विमानात बसायचंय म्हणे. मी कबूल करून टाकलंय तुझ्या वतीने.

सह्यांचे कागद सोबत आहेत. तोंड बंदच आहे. पण तीन डिसेंबर जवळ येतोय. वाढदिवस तो वाढदिवस, त्यात काही गुपित नसतं. जास्त बोलत नाही.

लहान भाऊ म्हणून जो काही लोभ असेल तो पूर्ण वापरतो आहे, भरणा करत राहावा.
तुझा,
संघपाल


सावदा,
३ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. जयभीम!

ताई, बस, तू आज इथे पाहिजे होतीस! स्टँडच्या समोर, बरोब्बर वळणावर, जिथे फैजपूरची गाडी हळू होते तिथे, तुझा फ्लेक्स लागला. मागच्या वर्षी तिथे एका भावी नगरसेवकाचा होता, त्याच्यापेक्षा आपला दोन हात मोठा. आपल्या फ्लेक्सवाल्या भूषणने रात्रंदिवस एक करून डिझाईन केलं. वर तथागत आणि बाबासाहेब. मध्ये तू, युनिफॉर्ममध्ये, गॉगल लावून. मागून विमान झेपावतंय. तुझं ते पंख्याचं विमान भूषणला लहान वाटलं म्हणून त्याने चार इंजिनांचं टाकलं, ते तेवढं समजून घे. आणि खाली सोनेरी अक्षरात: वैमानिक संघटनेच्या भावी अध्यक्षा, खान्देशकन्या, प्राचीताई सुपडू तायडे यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!

आणि खाली गोल गोल फोटो. कुंदनभाऊ, चारुलताताई, नागपूरवाले, भोपाळवाले, सगळे बठ्ठे. ज्यांनी ज्यांनी तुला साथ दिली त्यांचा मान नको का ठेवायला? उद्या कोणी म्हणायला नको की ताई मोठी झाली आणि सोबतच्यांना विसरली. शुभेच्छुकमध्ये माझं नाव आणि मोबाइल नंबर.

सकाळपासून लोक थांबून वाचतायत. केळीच्या गाड्यावाले तर ब्रेक मारून फोटो काढतायत. आबा तीनदा दूध आणायला गेले. आपल्याकडे दूध घरपोच येतं.

आता मी पेढे वाटायला निघालो. तुझ्या चेहऱ्यावरचा आनंद बघायला मिळाला नाही, एवढंच दुःख.

भावी अध्यक्षांचा लोभ आत्तापासूनच बुक करतो,
संघपाल


हैदराबाद,
४ डिसेंबर २०२५

संघपाल,

तुझं पत्र अजून आलेलं नाही. तुझा फ्लेक्स आला. काल सकाळी साडेनऊला तो आमच्या संघटनेच्या ग्रुपवर होता. कोण्या ट्रकवाल्याने टाकला, कोणाकोणाकडून फिरला, देव जाणे. दहा वाजता कॅप्टन दिवेकरांनी त्याखाली दोन हात जोडल्याचं चिन्ह टाकलं, बाकी काही नाही. अकरा वाजता कंपनीतून फोन, की माझी कॅप्टनची परीक्षा प्रशासकीय कारणाने पुढे ढकलली आहे. तारीख कळवू.

तुला मी काय सांगितलं होतं? गाजावाजा नको. त्यावर तू सोनेरी अक्षरं वापरलीस. खिडक्या बंद करून आणि टीव्हीचा आवाज वाढवून ज्यांनी सही केली, त्यांची तोंडं तू गोल कापून चौकात टांगलीस. कुंदनने मला फोन केला, भर चौकात ना, एवढंच विचारलं आणि ठेवून दिला. भोपाळच्या त्या मुलाच्या घरी दोन महिन्यांचं बाळ आहे.

आणि अध्यक्षा! अरे, मी कधी म्हटलं मला अध्यक्ष व्हायचंय? आमच्या नियमात सहवैमानिकाला अध्यक्ष होताच येत नाही. चार पट्ट्यांचा कॅप्टनच लागतो. हसं झालं ते वेगळंच. आता एकही नवी सही मिळणार नाही. सभा गेली. करार राहिला. आणखी कोणीतरी कुठेतरी उतरताना विचारणार, हे इंदूर का नागपूर.

काल दिवसभर तुला फोन लावत होते. फोनची भीती गेली आता, उरलंय काय लपवायला. पण तुझा फोन सारखा व्यस्त. कोणाशी एवढा बोलत होतास? की लोकांची शाबासकी घेत होतास?

ते आजच्या आज उतरव.

लोभ सध्या बंद आहे.
प्राची


सावदा,
९ डिसेंबर २०२५

चि. प्राचीस आबांचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र संघपालने मला स्वतः वाचून दाखवले. शिव्यांच्या जागी त्याचा आवाज लहान होत होता, पण एकही ओळ गाळली नाही. नंतर मी त्याला माझ्या वाट्याचे वेगळे बोललो. तो दोन वेळा जेवला नाही. तिसऱ्या वेळी भरीत होते.

मला विमानातले कळत नाही. पण आमच्या डेपोतही एक पुढारी होता. चांगला माणूस. आमच्यासाठी भांडून भांडून इतका वर गेला की त्याची ड्युटी सुटली, साहेबांबरोबर चहा सुरू झाला. नंतर त्याला आमचे डोळे लाल दिसेनात. मी पाठीमागे खूप बोललो, तोंडावर कधी बोललो नाही. सगळेच तसे होते. म्हणून तो राहिला.

फ्लेक्स उतरवायला मी शिडी घेऊन गेलो होतो. पण तिथे एक प्रकार झाला म्हणून रिकामा परत आलो. तो प्रकार संघपालच लिहील, मला त्यातले सगळे पटलेले नाही. तुझी परीक्षा लांबली याचे आईला फार लागले आहे. ती कोणाला दाखवत नाही, भांडी आपटते.

वेळेवर जेव. आमचा लोभ कमी-जास्त होत नाही, तो पेन्शनसारखा आहे.
सुपडू तायडे


सावदा,
१६ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
जयभीम. आधी पाया पडतो, मग लिहितो.

तू विचारलंस माझा फोन कोणाशी व्यस्त होता. ताई, पायलटांशी! नंबर खाली छापलेला ना. पहिला फोन आला तो काही बोललाच नाही, ठेवून दिला. दुसरा हिंदीत, तू कोण, कोणत्या पक्षाचा. मी म्हटलं पक्ष नाही, भाऊ आहे. असे दहा-बारा झाले. मी घाबरलो, खरं सांगतो, आझादपूरला पाकीट मारलं तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो. मग तुझं पत्र आलं आणि आबांचं बोलणं झालं. त्यानंतर मी खाटेवर पडून होतो तर पुण्याहून एका कॅप्टनचा फोन. कॅप्टन, बरं का, डाव्या खुर्चीवाला! मला वाटलं आता हा सोलतो. तर तो जरा इकडचं तिकडचं बोलला, सावद्यात थंडी किती वगैरे, आणि मग हळूच म्हणाला की तो करार मलाही मान्य नाही, मी तसं कार्यकारिणीत बोललोही होतो, आणि तरी त्या बोर्डावर माझा फोटो का नाही?

ताई, मी उठून बसलो.

अगं, आपल्याकडे फ्लेक्सवर फोटो राहून गेला तर सोयरिकी मोडतात. मला वाटायचं हे फक्त आपल्याकडे. पायलट पण तसेच निघाले! तुम्हा लोकांचं काय झालं होतं सांगू का, प्रत्येकाला वाटत होतं की चिडलेला आपण एकटाच. आणि इथे चौकात पाहतो तर ओळीने गोल गोल माणसं. म्हणजे एवढे आहेत. मग मी का नाही?

मी त्या कॅप्टनसाहेबांना नम्रपणे सांगितलं, साहेब, फोटो लागेल, अवश्य लागेल, पण आमचा नियम आहे, सही आधी, फोटो नंतर. नियम मी तेव्हाच केला. ते हसले. आणि ताई, चौथ्या दिवशी स्पीड पोस्टाने सही! सोबत फोटो, अर्धा अर्धा डझन, निवडायला.

मग लाईनच लागली. आधी गप्प बसून फोन ठेवणारे परत आले. अमृतसरचे एक सरदारजी म्हणे माझा पगडीवाला लाव. कोचीनहून एक बाई, तिचं हिंदी माझ्याइतकंच, दोघांनी मिळून धकवलं. एकाने विचारलं, विमान चुकीचं का लावलं. म्हटलं सही पाठवा, दुरुस्त करतो. आबा शिडी घेऊन गेले त्या दिवशी भूषण तिथे नव्या फोटोंसाठी माप घेत होता. दोघांची बाचाबाची झाली. आबांचं म्हणणं एकच, की ज्यांचे फोटो आधी न विचारता लावले त्यांना आधी विचार. बरोबरच आहे. मी सगळ्यांना फोन केला, माफी मागितली, आणि म्हटलं सांगा, काढू का. चारुलताताई म्हणाल्या हात लावशील तर याद राख. भोपाळवाले जरा वेळ बायकोशी बोलले आणि म्हणाले राहू दे. कुंदनभाऊंनी मात्र काढायला सांगितलं. मी तेव्हाच शिडीवर चढलो आणि त्यांच्यावर कागद डकवला. दोन दिवसांनी ते धुळ्याहून स्वतः मोटरसायकलवर आले, बघत उभे राहिले, आणि म्हणाले, सगळ्यांत एक पांढरा गोल फार वाईट दिसतोय रे. स्वतःच्या नखाने त्यांनी तो कागद खरवडला. मग आम्ही मळ्यात जाऊन काड्यांवर वांगी भाजली. ते इतकं बोलले ना त्या दिवशी, की मला मध्ये बोलायला जागाच मिळेना, तूच विचार कर.

सह्यांचं जाड पाकीट सोबत पाठवतोय. एक तृतीयांश झाले की नाही तूच बघ, माझं गणित तुला माहीत आहे. तुझ्या परीक्षेची मी वाट लावली ते काही भरून येत नाही. ते मी विसरलेलो नाही.

लोभाचं कनेक्शन पुन्हा जोडून मिळावे ही विनंती.
संघपाल


मुंबई,
११ जानेवारी २०२६

ती. आबा आणि आईस सा. न. चि. संघपाल यास आशीर्वाद, आणि कनेक्शन जोडले आहे.

सभा झाली! आत्ताच बाहेर आले, पायरीवर बसून गुडघ्यावर लिहितेय म्हणून अक्षर असं. हॉल भरून लोक जिन्यात उभे होते. रात्रीची उड्डाणं करून न झोपता आलेले, तर काही पुढच्या उड्डाणाची बॅग घेऊनच. दिवेकर व्यासपीठावर एकटेच बसले होते. कार्यकारिणीतले बाकीचे हळूहळू खाली येऊन लोकांत मिसळले. मला ते बघवलं नाही.

मी बोलायला उठले आणि आबांचं पत्र आठवलं, की पाठीमागे बोललो, तोंडावर नाही. म्हणून लोकांकडे पाठ करून मी सगळं त्यांच्याकडे बघून बोलले. इंदूर-नागपूरचं सांगितलं. हॉलमध्ये कोणी दचकलं नाही, आबा. प्रत्येकाकडे आपापलं इंदूर-नागपूर होतं. एकेक उठून सांगायला लागले. एका कॅप्टननेही सांगितलं, पुण्याच्या.

करार सभेने फेटाळला. कंपनीने फोनवरच ते कलम तूर्त बाजूला ठेवायचं मान्य केलंय, म्हणजे पुन्हा दोघांच्या होकाराशिवाय वाढीव फेरी नाही. मग कोणीतरी ओरडलं, अध्यक्ष कॅप्टनच कशाला हवा? तो नियमही गेला. आणि मग सरदारजी खुर्चीवर उभे राहून संघपालच्या फ्लेक्सवरची ओळ, मराठीत, जमेल तशी, ओरडले. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मी नको म्हणत होते तोवर हात वर गेले होते.

दिवेकर जाताना माझ्याशी हात मिळवून गेले. गरम होता हात, ताप असल्यासारखा. परीक्षेची तारीख अजून नाहीच. अध्यक्षा झाले, पट्ट्या तीनच.

तुमची जास्तीची काळजी कमी आणि नेहमीचा लोभ तसाच असावा,
प्राची


जळगाव,
२४ जानेवारी २०२६, सकाळी

ती. आबांस सा. न. वि. वि.

घरापासून दीड तासावर झोपले आणि घरी आले नाही, म्हणून आई रागावली असेल. हॉटेलवाल्याकडून कागद मागून हे लिहीत आहे. निघायच्या आधी पेटीत टाकीन.

काल रोस्टरने मला दिवेकरांच्या शेजारी बसवलं. कोणी मुद्दाम केलं की संगणकाची गंमत, माहीत नाही. कॉकपिटमध्ये अबोला धरता येत नाही, आबा. एकाने विचारायचं, दुसऱ्याने मोठ्याने उत्तर द्यायचं, प्रत्येक बटणाला. तेवढंच बोलत आम्ही दिवसभर फिरलो. हैदराबादला धुकं, पुढे सगळंच उशिरा. जळगावला उतरलो तेव्हा दोघांचेही तास संपत आलेले. कंपनीचा फोन आला, की परतीची फेरी तेवढी मारा, प्रवासी बसून आहेत. मला माहीत होतं त्यात कोण बसून आहे. संघपालने आत्याला साक्रीहून आणलेलं, मी दोघांची तिकिटं काढून दिलेली, तिचं पहिलं विमान, भाचीचं.

दिवेकरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली असती तर मी हो म्हणाले असते. खरंच म्हणाले असते. आत्या खाली बसली होती. पण त्यांचे डोळे बघितले, आबा, आणि समोरच्या काचेत माझे. मी म्हटलं, सर, मी थकले आहे. त्यांनी आधी घड्याळ बघितलं. मग फोनवर कंपनीला म्हणाले की आमच्या दोघांपैकी एकाचा नकार आहे. तिकडून साहेब चढ्या आवाजात काहीतरी बोलले. तेव्हा ते म्हणाले, दोघांचाही लिहा. मी पण थकलो आहे. इतकी वर्षं अध्यक्ष होते, पण हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं, असं नंतर त्यांनीच सांगितलं. हॉटेलची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत ते झोपले होते. परीक्षेबद्दल ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही.

आत्याला तोंड कसं दाखवू कळत नाही. आज सकाळी तेच विमान आम्हीच नेतो आहोत. ती परत येते का बघू. संघपालने फोन उचलला नाही, तोही चिडला असावा.

लोभ आहेच, तो आज जरा जास्त लागेल.
प्राची


हैदराबाद स्टेशन, परतीच्या गाडीची वाट बघत,
२५ जानेवारी २०२६

ती. ताईस,
जयभीम. वि. वि.

काल आत्या आणि मी तुझ्या विमानातून उतरलो, पण तुझ्याशी धड बोलणं झालं नाही, तू लगेच पुढच्या विमानात. आणि परवा तू झोपलीस म्हणून तुला बाहेरचं काही माहीत नाही. मी चिडलो नव्हतो. फोन आत्याने काढून घेतला होता. ते का, ते सांगतो.

परवा आम्ही आत जाळीपाशी बसलो होतो. आत्या नऊवारी नेसून, दशम्यांच्या फडक्याची पिशवी मांडीवर, मिरच्यांचा ठेचा सामान तपासणाऱ्याने तीनदा हुंगलेला. तुझं विमान उतरताना तिने माझा हात इतका दाबला की अजून वळ आहे. आणि मग ती घोषणा, की वैमानिकांच्या ड्युटीचे तास संपल्यामुळे उड्डाण उद्या सकाळी. ताई, जो काही भडका उडाला! एक कोटवाले काउंटरवर हात आपटत होते. एक जण म्हणे एवढासा पल्ला, चालवायला काय जातं यांचं. एका पोरीची दुसऱ्या दिवशीची परीक्षा होती, ती रडत होती, तिचं खरंच वाईट वाटलं. मग कोणाला तरी कळलं की नकार लेडी पायलटने दिलाय, नवी पुढारी आहे म्हणे, आणि मग तोंडं सुटली. पुढारी झाले की सगळे सारखेच. माझं डोकं फिरलं. मी उठणार तेवढ्यात मला आत्याचं तोंड दिसलं. तिला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं, की विमान आज नाही, आणि नाही म्हणणारी आपलीच प्राची. मला वाटलं आता ही रडेल. साक्रीतल्या अर्ध्या बाजाराला तिने सांगून ठेवलं होतं.

तिने एवढंच विचारलं, थकनी का ती? मी म्हटलं हो. आता कुठे शे? म्हटलं झोपायला गेली. तेवढ्यात मी तुला फोन लावायला काढला, तर तिने हातातून ओढून पिशवीत, दशम्यांच्या खाली, घातला. आणि उठली. काउंटरपर्यंत गेली, त्या कोटवाल्याच्या पुढ्यात उभी राहिली, आणि अख्ख्या विमानतळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की मनी भाची निजेल शे, कोणी गलका करू नका.

ताई, कोटवाल्यांनी काउंटरवरचा हात खाली घेतला. मग ती खाली बसली, फडकं सोडलं आणि त्या परीक्षावाल्या पोरीला आधी दशमी दिली.

लोभ आता मागत नाही, भरपूर झाला,
तुझा भाऊ,
संघपाल